उजव्या हाताची सुट्टी

आधीच हात जोडून सांगते, माझं अक्षर वाकडं आहे. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी, ते मला कधी उमगलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते बांगड्यांचे डझन मांडायला. ही वही कुणाला दाखवायची नाही, ती पेटीत हिरव्या काचेच्या डझनांखाली राहणार आहे. उद्या कुणाच्या हाताला लागलीच तर चुका सोडून द्याव्या आणि माणूस तेवढा वाचावा.

त्या माणसाचं नाव लिहीत नाही. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच लिहिते.

आमचं दुकान तुळजापुरात, देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत. बांगड्यांचं. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी मला शेजारी गादीवर बसवलं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. बोलायचं काम आत्याबाईंचं, भरायचं काम माझं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला जमत नाही, अजूनही. पण हातात हात आला की भीती जाते. एकदा पंजा दाबला की माप सांगते, सव्वादोन, अडीच. बाईच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. किती बायकांचे हात मला आठवतात, तोंडं आठवत नाहीत.

सरांचा गाळा समोर, मध्ये आठ-दहा पावलांची गल्ली. आधी ते टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. मशिनी गेल्या, क्लास गेला, मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला. लग्नपत्रिका, फ्लेक्स, अर्ज, लॉजची दरपत्रकं, असली कामं. माझ्या गादीवरून त्यांचं टेबल सरळ दिसायचं. मी त्यांना रोज बघायची आणि कितीतरी वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

सोमवारी सरांच्या उजव्या हाताला सुट्टी असायची. थट्टा नाही, खरीच सुट्टी. सोमवारी ते शटर डाव्या हातानं उचलायचे, कुलूप डाव्या हातानं, चहाचा कप डाव्या हातात. टाईपही डाव्याच हातानं, एकेक अक्षर, कोंबडी दाणे टिपते तसं. गिऱ्हाइकानं पैसे काढले की डावा हात पुढं. लोकांना ते आवडायचं नाही. लक्ष्मी कुणी डाव्या हातानं घेतं का? काही जण नोट परत खिशात घालून निघून जायचे. सर खुशाल जाऊ द्यायचे. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, झोपलेल्या मुलासारखा.

डाव्या हातानं जेवता येत नाही, म्हणून सोमवारी उपास. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, केवढा महादेवाचा भक्त. एकदा सोलापूरकडची एक म्हातारी त्यांच्या पाया पडली.

"किती वर्सं झाली ओ सोमवार धरून?"

"म्हादेवाचा न्हाय मावशी," सर म्हणाले, "हाताचा सोमवार हाय."

"म्हंजी?"

"हात काय पगारी गडी न्हाय. घरचा माणूस हाय. घरच्या माणसाला कुणी सुट्टी देत न्हाय, म्हणून तो एक दिवस न सांगता निघून जातो."

म्हातारीनं आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी कपाळाजवळ बोट फिरवून दाखवलं. मी मान खाली घालून हसू दाबलं. पण ते बोलणं माझ्या मनात राहिलं. हाताबद्दल असं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नव्हता.

सरांचं आणखी एक होतं, ते म्हणजे सल्ल्याची वही. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की ते दहा जणांना विचारायचे आणि ज्यानं जे सांगितलं ते त्याच्या नावासकट वहीत लिहायचे. चौथ्या रकान्यात निकाल, खरं निघालं की खोटं. पंखा, छत्री, चपला, सगळ्याचं. सल्ला देणारे आधी हौसेनं द्यायचे, मग आपलं नाव वहीत चढतंय बघून गडबडायचे. "सर, माझं नका लिहू, म्या आपलं सहज बोललो," म्हणायचे. सर म्हणायचे, "सहज बोललेलं फुकट असतं. लिहिलेलं जड पडतं. सांगा, लिहू का खोडू?" बहुतेक जण खोडायलाच सांगायचे.

आणि घेतलेली वस्तू ते तीन दिवस वापरून बघायचे. पटली तर ठेवायची, नाहीतर चौथ्या दिवशी परत. खुर्ची घेताना त्यांनी इथल्या आणि सोलापूरच्या दुकानांत मिळून अकरा खुर्च्यांवर बसून बघितलं होतं. नुसतं बसून नाही, प्रत्येक खुर्चीवर एक पानभर वाचत. बारावी घेतली आणि चौथ्या दिवशी एसटीच्या टपावर बांधून परत नेली. तो दुकानदार आपली खुर्ची ओळखून आत पळाला म्हणे. मग सरांनी घरचा जुना लाकडी स्टूल आणला, त्यावर गोधडी घातली आणि त्यावरच बसले, शेवटपर्यंत.

असा हाताला जपणारा माणूस, आणि त्याचाच हात दुखायला लागला.

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. आषाढाच्या सुरुवातीला मला दिसायला लागलं की सर काम करता करता थांबतात आणि हात झटकतात, पाणी झटकल्यासारखा. मग मनगटाला फडकं बांधलं. मग सोमवारच्या जोडीला गुरुवारीही सुट्टी आली. आत्याबाई म्हणाल्या, "आता दोन उपास. आठवड्यातनं चार होतील तवा म्हातारा सरळ सरगाला जाईल."

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातली शीर दबते आहे. माऊस टेबलावर घासत दिवसभर मनगट फिरवलं त्याचं फळ. टेबल अरुंद, माऊसची वायर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत अडकायची, की सर हिसका देऊन ती ओढायचे. तीन महिने हात बंद ठेवा, म्हणाले डॉक्टर. आणि पुढं नवरात्र. आमच्या गावात वर्षाची कमाई नवरात्रात होते. फ्लेक्सवाल्यानं नवरात्रात हात बंद ठेवला तर त्यानं दुकानच बंद ठेवावं. गाळ्याचा मालक तेवढ्याचीच वाट बघत होता, त्याला तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायचं होतं. सरांनी चहाच्या टपरीवर उघड सांगितलं, "नवरात्रापोतर हात चालला तर ठीक. न्हायतर गाळा सोडणार आणि येडशीला भावाकडं जाणार. दुसऱ्याच्या हातानं काम करून मला दुकान चालवायचं न्हाय."

नवरात्राला दोन महिने होते.

त्याच आठवड्यात ते आमच्या दुकानात आले. मंगळवार होता, गल्ली भरलेली. बायका गादीला लागून बसलेल्या. सर चपला काढून वर आले, माझ्यासमोर बसले आणि उजवा हात पुढं केला.

"कासारीणबाई, हात दाबून माप सांगा."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आजवर मी परक्या पुरुषाच्या हाताला हात लावला नव्हता. बसलेल्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

"आता काय चुडा भरताव व्हय सर?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्याकडं नवरदेवाच्या बांगड्या न्हायत्या."

"चुडा नको. माऊस घ्यायचाय," सर म्हणाले. मग त्यांनी सगळ्या बायकांना समजावून सांगितलं, क्लासात सांगावं तसं. एक माऊस असतो, त्याला ट्रॅकबॉल म्हणतात. तो टेबलावर फिरवायचाच नाही. तो बसल्या जागी बसून राहतो. त्याच्या पाठीवर गोटी असते, ती बोटानं फिरवली की पडद्यावरचा बाण फिरतो. मनगट जागचं हलत नाही. वायर नाही, त्यामुळं मांडीवर ठेवा, उशीवर ठेवा. "पण त्यात लहान हाय, मोठा हाय. अंगठ्यानं फिरवायचा हाय, बोटांनी फिरवायचा हाय. आपल्या हाताचं माप ठाऊक पायजे. दुकानदाराला विचारलं, म्हणाला सगळ्यांना बसतो. सगळ्यांना बसणारी वस्तू म्हंजी कुणालाच न बसणारी. मी विचार केला, या गल्लीत हाताचं माप कुणाला कळतं?"

आत्याबाई म्हणाल्या, "दाब गं. म्हातारा हाय, चावत न्हाय."

मी पदर सारखा केला आणि हात दाबला. झटकन, विस्तवाला लावल्यासारखा. हात मऊ होता, आयुष्यात ओझं न उचललेला. चारही बोटांची हाडं आत घेतली, अंगठ्याचा उंचवटा दाबला, पंजा निमुळता झाला. अंगठ्याच्या मुळाशी गरम लागलं, ते मला कळलं, पण बोलायला लाज वाटली. एकच शब्द बोलले.

"अडीच."

"लहान की मोठा?"

"पुरुषाच्या मानानं लहान."

सरांनी तिथंच वही काढली. "लिहू का खोडू?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मापाबद्दल मला कधी शंका नसते. "लिहा," मी म्हणाले.

माऊसची पेटी आली पंधरवड्यानं, बत्तीसशे रुपयांची. वर मोठा इंग्रजी शब्द होता. सर म्हणाले, त्याचा अर्थ हाताला सुखाचा. लहानसा, काळा, बाजूला निळी गोटी, अंगठ्यानं फिरवायची. बोटाच्या पेराएवढी पिन कॉम्प्युटरला लावली आणि वायरशिवाय बाण पळायला लागला. टपरीवाला, प्रसादवाला, सगळे बघून गेले.

तीन दिवस झाले. मी बघत होते. चौथ्या दिवशी सर ती पेटी परत करतात का? नाही केली. मला बरं वाटलं. सात दिवसांत कंपनी परत घेते, तेही होऊन गेले. पण हात झटकणं थांबलं नव्हतं. उलट आता ते अंगठा तोंडात धरायला लागले होते, भाजल्यासारखा.

प्रसादवाल्यानं एकदा गल्लीतूनच विचारलं, "सर, हात तर लईच सुजलाय. परत का न्हाय केला?"

सर म्हणाले, "माऊसचा दोष न्हाय. हाताला सवय न्हाय. माप कासारीणबाईंनी दिलंय, ते चुकणार न्हाय."

मी त्या वेळी एका नवरीचा चुडा भरत होते. माझा हात थांबला.

मग मी नीट बघितलं. एरवी मी त्यांना बघायची, त्या दिवशी त्यांचा हात बघितला. त्या लहानशा माऊसवर बोटं आखडून बसली होती. हाडं आत, पंजा निमुळता, अंगठा दुमडलेला. हा हात मी ओळखला. बांगडी चढवताना मी हात असाच धरते. बांगडीचं माप म्हणजे मिटलेल्या हाताचं माप. हात लहानात लहान किती होतो, ते आम्ही बघतो, कारण बांगडीला तेवढ्यातून पलीकडं जायचं असतं. पण बांगडी क्षणभरात चढते आणि हात सुटतो. सरांचा हात वीस दिवस मी धरून ठेवला होता. आणि गोटी नेमकी त्या अंगठ्यावर, जो मला गरम लागला होता आणि मी बोलले नव्हते.

नवरीचा चुडा पुरा केला. तिनं वाकून नमस्कार केला. मग मी उठले.

"कुठं चाललीस?" आत्याबाई म्हणाल्या.

मी चपला घातल्या आणि गल्ली ओलांडली. आठ-दहा पावलं, पण मी ती कधी टाकली नव्हती. सरांकडं दोन पुजारी आणि एक लॉजवाला बसला होता. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि बोलले.

"सर, माप चुकलं. माझं चुकलं."

लॉजवाला हसला. सर हसले नाहीत. त्यांनी हातातलं काम ठेवलं, वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं.

"कशात चुकलं?"

मी सांगितलं. मिटलेला हात, उघडा हात. अंगठ्याची ऊब. इतकं सलग मी नवऱ्याशीसुद्धा बोललेली नाही. सर ऐकत होते, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. मध्ये एकदा म्हणाले, "थांबा, हे लिहून घेतो." सगळं झाल्यावर त्यांनी आपलाच हात वर धरून बघितला, मिटला, उघडला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आता काय करायचं?"

"उद्या सांगते."

आणि मग मी ते बोलले, जे रात्री मला आत्याबाईंनी दहा वेळा ऐकवलं. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि भरताना वाढली तर ती कासाराची. गिऱ्हाइकाकडून तिचा पैसा घेत नाहीत, कितीही भारीची असू दे. हात गिऱ्हाइकाचा, पण माप आमचं, म्हणून नुकसान आमचं.

"माऊसचे बत्तीसशे मी देणार," मी म्हणाले. "एकदम न्हाय जमायचं. दर पौर्णिमेला दोनशे."

लॉजवाला म्हणाला, "अहो वयनी, काय बोलताव? सर काय तुमच्याकडनं पैसे घेतील व्हय?"

सर म्हणाले, "घेणार."

गल्लीत त्याचा बभ्रा झाला. गरीब बाईकडून पैसे घेतो, लाज नाही म्हाताऱ्याला. प्रसादवाल्यानं महिनाभर सरांना चहा विचारला नाही. आत्याबाई तर तिथंच जाऊन भांडल्या.

"माऊस काय बांगडी हाय व्हय ओ? आमची सून येडी, तिनं काहीबी बोलावं. तुमी तर शिकलेले!"

"आत्याबाई," सर म्हणाले, "दहा जणांनी मला सल्ला दिला. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्यानं दिला, माझ्या भाच्यानं दिला, दुकानदारानंबी दिला. सगळ्यांचा चुकला. एकानं तरी येऊन म्हटलं का, माझं चुकलं? तुमच्या सुनेचा धंदा हाय आणि तिच्या धंद्याचा नियम हाय. तिनं तो पाळला. आता तो मोडून मी तिला लहान करू व्हय?"

आत्याबाई पदर खोचून परत फिरल्या. घरी येऊन म्हणाल्या, "येड्याला येडी भेटली." पण त्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकाला माप सांगणं सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सुनंला इचारा. तिचं माप बत्तीसशेचं हाय."

मला मात्र लोकांचं बोलणं लागलं नाही. सरांनी पैसे नको म्हटलं असतं तर मी बिचारी ठरले असते. घेणार म्हणाले, म्हणून जाणकार ठरले. हे मला तेव्हाच कळलं होतं, नुसतं सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घरून कणकेचा गोळा नेला. घट्ट मळलेला, तेलाचा हात लावलेला. सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "यावर हात टेका. दाबू नका, नुसता टेका."

त्यांनी टेकला. पण हात ताठ, परीक्षेला बसल्यासारखा. बायकांचंही असंच होतं. बांगडी दुखेल या भीतीनं हात ताठ करतात. त्याला आमचा एक उपाय आहे. माहेरचं विचारायचं. कुठलं गाव, विहीर कुठं, आंबा कुठं. बाई माहेराला पोचली की हात सैल पडतो आणि बांगडी कधी गेली ते तिला कळत नाही.

"सर, तुमचं माहेर कुठलं?" मी विचारलं.

सर मोठ्यानं हसले. मग सांगायला लागले. येडशीचं घर, मागं रेल्वेची शिट्टी, वडिलांबरोबर रामलिंगाला चालत जायचे ते. तिथली माकडं. एकदा माकडानं हातातली भाकर हिसकावली, उजव्याच हातातली, आणि समोर बसून त्यांच्याकडं बघत खाल्ली. "म्या रडलो न्हाय. म्हटलं, यानं किती जपून धरलीय, दोन्ही हातांनी. आपण एका हातात लोंबकळत धरली हुती." बोलता बोलता त्यांचा पंजा पसरला. अंगठा बाजूला जाऊन पडला, कामाला न लागणारा. मधली दोन बोटं गोळ्याच्या माथ्यावर आली आणि आपणहून थोडी हलायला लागली.

"हलू नका," मी म्हणाले. "हेच माप."

हात उचलला तर कणकेत सगळा हात उमटला होता. वर उंच, मागं रुंद, अंगठ्याला मोकळी जागा. सरांनी पट्टी घेतली आणि लांबी, रुंदी, उंची लिहिली. बोटं पडली होती तिथं गोटी पाहिजे, अंगठ्याकडं नको. मग कॉम्प्युटरवर बसून एकेका माऊसचं माप कणकेशी ताडून बघितलं. हा बसका, हा अरुंद, हा नुसता दिसायला मोठा. एकाची गोटी साफ करायला बाहेरच निघत नव्हती, तो सरांनी सोडला. एक उजव्याच हाताचा होता, तो मी सोडायला लावला.

"सोमवारी काय करणार?" मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "हे माझ्या ध्यानात न्हाय आलं," म्हणाले.

शेवटी एक उरला. मधोमध मोठी लाल गोटी, दोन्ही हातांना चालणारा, वायर नाही. भारीचा होता. तो सरांनी आपल्या पैशानं मागवला. वही काढली.

"लिहू का खोडू?"

"लिहा," मी म्हणाले. "पण तीन दिवस बघा. यावेळी माझ्यावर इश्वास ठेवू नका, हातावर ठेवा."

पहिला माऊस त्यांनी पेटीत घालून मला दिला. "वाढलेल्या बांगडीची काच कासाराची असती ना? घ्या तुमचा माल." तो मी हातात घेतला आणि माझं मलाच हसू आलं. माझ्या सव्वादोनच्या हाताला तो साच्यातून काढल्यासारखा बसला. सर म्हणाले, माल पडून राहू नये. मग दुपारी गल्ली रिकामी असली की ते मला त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवायचे. बांगड्यांच्या कारखान्यांचे फोटो असतात, ते मी गोटी फिरवून बघायला शिकले. आधी आमचा माल एक दलाल आणायचा. तो काय आणेल ते घ्यायचं, कारण त्याच्याशी बोलायला मला जमायचं नाही. आता मी नुसतं बोट टेकवायची, हा रंग, हे माप. बोलावंच लागायचं नाही. दलालाचा हिस्सा वाचायला लागला. पौर्णिमेचे दोनशे त्यातूनच निघाले.

नवीन माऊस आला त्याच्या चौथ्या दिवशी मी सकाळपासून समोर बघत होते. पेटी परत जाते का? सरांनी शटर उचललं, गोधडी झटकली, स्टुलावर बसले, माऊस मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि कामाला लागले. दुपारपर्यंत एकदाही हात झटकला नाही. संध्याकाळी ती रिकामी पेटी त्यांनी गल्लीतल्या गाईपुढं टाकली. पुठ्ठा खाल्ला तिनं. म्हणजे माऊस ठेवला.

त्या नवरात्रात गल्लीभर सरांचेच फ्लेक्स होते. हात लगेच बरा झाला असं नाही. फडकं दिवाळीनंतर सुटलं, गुरुवारचा उपास संक्रांतीला. सोमवार तेवढा राहिला. त्या दिवशी माऊस डावीकडं जायचा.

गाळा त्यांनी सोडला तो सव्वा वर्षानं, कुणी हाकललं म्हणून नाही. भाऊ थकला होता, येडशीला घरी माणूस पाहिजे होतं. जायचा दिवस ठरला, रविवार. त्याच दिवशी पौर्णिमा होती. सकाळी भावाचा टेम्पो आला, सामान चढलं. आमच्या दुकानापुढं गर्दी इतकी की मला मान वर करायला फुरसत नव्हती. दुपारी बघितलं तर टेम्पो सामान घेऊन निघून गेला होता आणि सर रिकाम्या गाळ्यात त्या स्टुलावर बसलेले.

प्रसादवाला म्हणाला, "सर, गेला न्हाय तुमी?"

"एक हप्ता यायचाय."

"दोनशे रुपयासाठी थांबलाव?" प्रसादवाल्यानं आमच्याकडं बघून डोळा मारला. "आता तर हद्द झाली."

रविवारी रात्री दुकान बंद करताना मी पैसे काढले, पण नोटा सगळ्या चुरगळलेल्या, हळदी-कुंकवाच्या. मला ते देववेनात. सकाळी देते, असं समोरूनच सांगितलं, आणि सर त्या रात्री रिकाम्या गाळ्यातच झोपले. सकाळी कोऱ्या दोन नोटा घेतल्या आणि गल्ली ओलांडली. तोवर ती मला रोजची झाली होती.

सर उठून उभे राहिले. सल्ल्याची वही बाहेर होती. माझ्या नावापुढं दोन ओळी होत्या. पहिलीत अडीच, निकालाच्या रकान्यात 'खोटं, स्वतः येऊन सांगितलं'. दुसरीत कणकेचं माप, त्यापुढं 'खरं'.

"सोळावा," मी म्हणाले आणि नोटा पुढं केल्या. मग आठवलं, आज सोमवार. मी नोटा त्यांच्या डाव्या बाजूला नेल्या.

सरांनी 'तिकडं नको' अशी मान हलवली. उजवा हात पुढं केला, पूर्ण उघडा, कणकेवर टेकला होता तसा. मी दोनशे रुपये त्यावर ठेवले.

"बत्तीसशे," सर म्हणाले. "पूर्ण पोचले, कासारीणबाई."